चार जीबीची फ्लॅश, शून्य आकाराची चिप

३२ बिटच्या खान्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. चार जीबी त्याहून बरोब्बर एकाने जास्त. त्यामुळे चार जीबीची नँड चिप (मोठ्या साठवणीची फ्लॅश मेमरी) जुना लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम, असलेल्या बोर्डावर बसवली की चिपची ओळख पटते, कंपनीचा कोड वाचला जातो, सगळे आलबेल दिसते आणि आकार दिसतो शून्य. चिप खराब नसते, सोल्डरिंगही ठीक असते. आकडाच खान्यात मावलेला नसतो.

(या लेखात केबी, एमबी, जीबी सगळे १०२४ च्या हिशोबाने आहेत.)

वावरातल्या डब्याला, म्हणजे पेटीत बसवलेल्या छोट्या कॅमेरा-संगणकाला, एवढी मोठी फ्लॅश लागते कशाला? कपाशीत कामगंध सापळ्यावर कॅमेरा लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे असतील, तर अर्ध्या तासाला एक फोटो म्हणजे दिवसाला ४८. फोटो ३०० केबीचा धरला तर दिवसाचे १४ एमबी आणि दोनशे दिवसांच्या हंगामाचे पावणेतीन जीबी. रेंज असेल तर फोटो पाठवून मोकळे होता येते. पण घाटंजी-पांढरकवड्याच्या आतल्या गावांत किंवा मेळघाटच्या पायथ्याशी रेंजवर भरवसा ठेवून डबा लावू नये. त्यात पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण बंद असते, गाडी सोडा, बंडीही जात नाही. म्हणजे जुलै ते सप्टेंबर डब्याला हात लावता येणार नाही असे धरूनच सगळे बसवायचे. पुढचा प्रत्येक निर्णय या एका अटीवरून घेतलेला आहे.

अशा डब्यात सहसा दोन फ्लॅश असतात. बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आणि कर्नलसाठी छोटी एसपीआय नॉर (थोड्या तारांवर चालणारी फ्लॅश), आणि फोटो-नोंदींसाठी मोठी नँड. दोघींच्या अडचणी वेगळ्या. छोटीच जास्त दगा देते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

सोळा एमबीचा उंबरठा

एसपीआय नॉरला पत्ता द्यायची जुनी पद्धत तीन बाइटची. तीन बाइटमध्ये १६ एमबीच मोजता येतात. ३२ एमबीची चिप घेतली की चौथा बाइट आला. तो द्यायचे दोन मार्ग आहेत. एक, चिपला हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) बी७ ही आज्ञा देऊन चार बाइटच्या मोडमध्ये टाकायचे, आणि मग नेहमीच्याच आज्ञा चार बाइटच्या पत्त्यासह द्यायच्या. दुसरा, मोडला हात न लावता चार बाइटच्या वेगळ्या आज्ञा वापरायच्या: वाचायला हेक्स १३, लिहायला १२, ६४ केबीचा ब्लॉक पुसायला डीसी.

पहिल्या मार्गातला धोका टेबलावर दिसत नाही. कर्नलने चिपला चार बाइटच्या मोडमध्ये टाकले, आणि मध्येच वॉचडॉगने (प्रोसेसर अडकला तर तो रिसेट करणारा टायमर) प्रोसेसर रिसेट केला. प्रोसेसर नव्याने सुरू झाला, पण चिपचा वीजपुरवठा तुटलेलाच नाही, ती अजून चार बाइटची वाट पाहते आहे. बूट रॉम (प्रोसेसरमधला, सगळ्यात आधी चालणारा पक्का प्रोग्रॅम) बिचारा तीनच बाइट देतो. चिप पुढचा बाइट पत्त्याचाच समजते, भलतीकडचा मजकूर परत देते आणि बोर्ड ठप्प होतो. वॉचडॉग पुन्हा रिसेट करतो, पुन्हा तेच. कुणीतरी जाऊन वायर काढून पुन्हा लावली की डबा लगेच चालू होतो, त्यामुळे दोष बॅटरीवर किंवा लाईनवर ढकलला जातो.

साध्या रीबूटने हे पकडता येत नाही, कारण नीट बंद होताना कर्नल हेक्स ई९ देऊन चिपला परत तीन बाइटवर आणतो. चाचणी घ्यायची तर सिसआरक्यूची (कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) 'सी' ही कळ वापरून कर्नल मुद्दाम पाडायचा आणि वॉचडॉगला त्याचे काम करू द्यायचे. असा वीस वेळा पाडून वीस वेळा उठला तर डबा बाहेर न्यावा.

उपाय तीन. चिपची रिसेट पिन बोर्डाच्या रिसेट लाइनला जोडणे हा सगळ्यात चांगला, पण आठ पायांच्या पुष्कळ चिपना ती पिन नसते. दुसरा, बाहेरचा वॉचडॉग लावून त्याला थेट पुरवठाच तोडू देणे. तिसरा, चार बाइटच्या वेगळ्या आज्ञा समजणारी चिप निवडणे, म्हणजे मोडचा प्रश्नच येत नाही. डिव्हाइस-ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) 'ब्रोकन-फ्लॅश-रिसेट' लिहिण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने दुरुस्ती होत नाही. अचानक रीबूट झाल्यास बोर्ड उठेलच असे नाही, एवढा इशारा कर्नल स्वतःच त्या वेळी छापतो.

बूटची चिप १६ एमबीचीच ठेवावी हे उत्तम. कर्नल आणि छोटी रूट फाइल सिस्टिम त्यात बसते. मोठी घेऊन मिळते काय, तर रिकामी जागा आणि वरचा सगळा ताप.

नँड: आकडा कुठे कुठे तुटतो

लिनक्सच्या एमटीडी थरात (कच्ची फ्लॅश हाताळणारा भाग) उपकरणाचा आकार पूर्वी ३२ बिटचा होता. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलमध्ये तो ६४ बिटचा झाला, आणि पुसण्याच्या मागणीतला पत्ता व लांबीही ६४ बिटची झाली. मग आज अडचण कसली? अडचण अशी की स्वस्त बोर्डासोबत येणारा कर्नल नवा असला तरी नँड कंट्रोलरचा ड्रायव्हर जुन्या काळातला, बाहेरून आणून चिकटवलेला असतो. त्यात पत्ता 'अनसाइन्ड इंट'मध्ये, म्हणजे ३२ बिटच्या खान्यात, धरलेला सापडतोच. ड्रायव्हर हातात आला की आधी हे शोधावे: पानाच्या (नँडवर एका वेळी लिहिला-वाचला जाणारा तुकडा; अशा अनेक पानांचा एक ब्लॉक, तो एकदम पुसला जातो) क्रमांकाला पानाच्या आकाराने गुणताना डाव्या बाजूला ६४ बिटचा प्रकार असला तरी उजवीकडचा गुणाकार ३२ बिटमध्येच होतो का. गुणाकार आधी होतो, रूपांतर नंतर. वरचे बिट तोवर गळालेले असतात, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

दुसरी गंमत भागाकाराची. ३२ बिटच्या एआरएमवर ६४ बिटच्या आकड्याला साध्या चिन्हाने भागले की कंपाइल होते आणि लिंक करताना '__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड' सापडत नाही म्हणून अडते. काही जण जीसीसीची लायब्ररी ओढून आणून ते गप्प करतात. तसे करू नये. कर्नलने ते फंक्शन मुद्दाम दिलेले नाही, कारण तो भागाकार महाग पडतो. ब्लॉकचा आकार दोनाच्या घातातला असतो, म्हणून उजवीकडे सरकवणे पुरते. एमटीडीमध्ये त्यासाठी 'एमटीडी_डिव्ह_बाय_ईबी' आणि 'एमटीडी_मॉड_बाय_ईबी' तयारच आहेत. दोनाच्या घातात न बसणाऱ्या ब्लॉकसाठी तेच आतल्या आत 'डू_डिव्ह'कडे वळतात.

तिसरी जागा फार कमी लोक बघतात. चिपचा आकार दोनाचा कितवा घात आहे हे 'एफएफएस' काढून देते, पण ते ३२ बिटवर चालते. एकाच चिपचा आकार चार जीबी असेल तर खालचे ३२ बिट सगळे शून्य, म्हणून उत्तर शून्य, त्यातून एक वजा केला की घात उणे एक. मुख्य कर्नलमध्ये यासाठी खालचे बिट शून्य आहेत का ते पाहून, वरच्या ३२ बिटवर पुन्हा मोजून त्यात ३१ मिळवलेले आहेत. बाहेरच्या ड्रायव्हरने हीच मोजणी स्वतः केली असेल तर ती तपासा. दोन जीबीच्या दोन चिप दोन चिप-सिलेक्टवर (चिप निवडायच्या तारांवर) असतील तर हा दोष दिसत नाही, आणि तोच ड्रायव्हर पुढच्या वर्षी एका मोठ्या चिपवर कोसळतो.

डिव्हाइस-ट्रीमधली विभागणीही बघा. पार्टिशनच्या नोडमध्ये पत्त्याचे आणि आकाराचे सेल (३२ बिटचे खाने) एक-एकच ठेवले तर चार जीबीच्या पलीकडची सुरुवात लिहिताच येत नाही, आणि चार जीबीचे सलग एक पार्टिशनही नाही. दोन्ही दोन-दोन करावेत, आणि मग प्रत्येक आकडा दोन सेलमध्ये लिहावा. निम्मे बदलले आणि निम्मे तसेच राहिले की भलतीच पार्टिशन तयार होतात.

चिपच्या बाजूलाही एक सीमा आहे. २ केबीच्या पानाच्या चिपला पानाचा क्रमांक दोन बाइटमध्ये दिला तर ६५,५३६ पाने, म्हणजे १२८ एमबी. त्यापुढे तिसरा बाइट लागतो. तो द्यायचा राहिला तर १२८ एमबीच्या पुढे लिहिलेले पुन्हा सुरुवातीलाच उमटते. पकडायची युक्ती सोपी: प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या पानात त्या ब्लॉकचाच क्रमांक लिहायचा, सगळे लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करायची. लिहिले की लगेच वाचले, तर चूक कधीच सापडत नाही.

वापरकर्त्याच्या बाजूचे प्रोग्रॅम राहिले. 'मेमगेटइन्फो' या जुन्या आयऑक्टलमधला (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला विचारायची आज्ञा) आकार आजही ३२ बिटचा आहे, तो बदलला तर जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून तसाच ठेवलाय. खरा आकार सिसएफएसमधून (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात मांडतो ती जागा) वाचावा, आणि पुसायला 'मेमइरेझ६४' वापरावे. स्वतःचा प्रोग्रॅम ३२ बिटवर कंपाइल करताना फाइल-ऑफसेट ६४ बिटचा मागितला नाही तर दोन जीबीलाच गाडी अडते, चार जीबीपर्यंत पोचतच नाही. आणि एमटीडीची यादी वाचणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट आकाराचे आठच हेक्स अंक कापून घेतात. चार जीबीला नऊ अंक येतात.

ईसीसी

ईसीसी म्हणजे वाचताना पलटलेले बिट दुरुस्त करणारा जादा कोड. इथे थोडक्यात. ५१२ बाइटमागे ८ बिट दुरुस्त करणाऱ्या बीसीएच या ईसीसी पद्धतीला १३ बाइट लागतात. ४ केबीच्या पानात असे आठ तुकडे, म्हणजे १०४ बाइट. पानासोबतच्या जादा जागेत ते बसायला हवेत, खराब ब्लॉकच्या खुणेचे दोन बाइट सोडून. ताकद सारखी असूनही मांडणी वेगळी असू शकते: टीआयच्या ओमॅप घराण्यात बूट रॉमशी जुळावे म्हणून हार्डवेअर बीसीएच८ तेराऐवजी १४ बाइट धरते. बूटलोडरने एका मांडणीने लिहिले आणि कर्नलने दुसऱ्या मांडणीने वाचले की यूबीआय (एमटीडीवर बसून झीज आणि खराब ब्लॉक सांभाळणारा थर) उणे ७४ ची, म्हणजे दुरुस्त न झालेल्या वाचनाची, त्रुटी ओरडत सुटतो. प्रत्येक पानावर उणे ७४ दिसले तर चिप बदलायला धावू नका, मांडणी जुळवा. एखाददुसऱ्या पानावर दिसले तरच चिपवर संशय घ्या. उणे ११७ म्हणजे बिट पलटले होते पण दुरुस्त झाले, ती बातमी आहे, आजार नव्हे.

उठायला लागणारा वेळ

जेएफएफएस२ ही जुनी फ्लॅश फाइल सिस्टिम मोठ्या नँडवर वापरू नये. ती माउंट होताना माध्यम चाळते आणि फाइलींचा नकाशा रॅममध्ये बांधते, त्यामुळे फ्लॅश वाढली की वेळ आणि रॅम दोन्ही वाढतात. शिवाय फ्लॅशवरचा पत्ता ती ३२ बिटमध्येच धरते, म्हणजे चार जीबीला तसाही पूर्णविराम. २००७ मध्ये यूबीआय आणि २००८ मध्ये त्यावर चालणारी यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम कर्नलमध्ये आली. यूबीआयएफएस आपला नकाशा फ्लॅशवरच ठेवते. पण खालचा यूबीआय थर जोडला जाताना प्रत्येक ब्लॉकची दोन शीर्षके वाचतो, आणि ते काम ब्लॉकच्या संख्येच्या प्रमाणात वाढते.

हिशोब करा. चार जीबी, ४ केबीचे पान, २५६ केबीचा ब्लॉक, म्हणजे १६,३८४ ब्लॉक. एक पान चिपच्या आत उचलायला सुमारे २५ मायक्रोसेकंद, आणि सेकंदाला २० एमबीच्या बसवरून बाहेर आणायला सुमारे २०० मायक्रोसेकंद. ब्लॉकमागे दोन पाने म्हणजे ४५० च्या आसपास. एकूण साडेसात सेकंद, निव्वळ जोडणीला. चिपवर खराब ब्लॉकचा तक्ता ठेवला नसेल तर त्याआधी कर्नल प्रत्येक ब्लॉकची खूण तपासत फिरतो, तो वेळ वेगळा. म्हणून 'नँड-ऑन-फ्लॅश-बीबीटी' लावावेच. ब्लॉकमागे दोन बिट धरून सगळा तक्ता ४ केबीत मावतो.

कर्नल ३.७ पासून यूबीआयची फास्टमॅप ही सोय आहे. तो लावला की यूबीआय पहिल्या ६४ ब्लॉकमध्ये नकाशाचे टोक शोधतो आणि बाकीची चाळणी वाचते. पण फास्टमॅप बिघडलेला निघाला तर तो निमूट पूर्ण चाळणीवर येतो. म्हणून बूटलोडरमधल्या वॉचडॉगची मुदत पूर्ण चाळणीच्या हिशोबानेच ठेवायची, फास्टमॅपच्या नव्हे. पाच सेकंदांची मुदत ठेवली तर टेबलावर महिनाभर छान चालते, आणि वावरात ज्या दिवशी फास्टमॅप बिघडेल त्या दिवसापासून डबा रिसेटच्या फेऱ्यात अडकतो. कर्नलच्या मदतलेखात या सोयीला प्रायोगिक म्हटलेले आहे, ते ध्यानात असू द्या. साडेसात सेकंद थांबायला हरकत नसेल, आणि सापळ्यावरच्या कॅमेऱ्याला ती नसतेच, तर फास्टमॅपशिवायच चालवावे.

पार्टिशन पाडण्याचा मोह आवरा. खराब ब्लॉकसाठी यूबीआय हजारी २० नव्हे, तर १०२४ मागे २० ब्लॉक राखून ठेवतो, आणि तेही पार्टिशनच्या नव्हे, पूर्ण चिपच्या आकारावर मोजून. कारण खराब ब्लॉक सगळे एकाच कोपऱ्यात निघू शकतात. १६,३८४ ब्लॉकमागे ३२० ब्लॉक, ८० एमबी. अशा चिपवर सेटिंगसाठी ६४ एमबीचे वेगळे पार्टिशन काढून त्यावर यूबीआय लावला तर त्यात ब्लॉकच २५६, राखायचे ३२०. कर्नल तक्रार करणारच. चिपभर एकच यूबीआय ठेवा आणि त्यात व्हॉल्यूम (यूबीआयच्या आतले विभाग) पाडा. ब्लॉक झिजवण्याची वाटणीही मग सगळ्या चिपभर होते.

प्रतिमा (चिपवर भरायची तयार फाइल) बनवताना लॉजिकल ब्लॉक (यूबीआय वरच्या थराला देतो तो) २५६ केबीतून दोन पाने वजा करून, म्हणजे २,५३,९५२ बाइट. एमकेएफएस-यूबीआयएफएसला (ही प्रतिमा बनवणारा प्रोग्रॅम) कमाल ब्लॉकसंख्या आजच्या नव्हे, उद्याच्या मोठ्या चिपच्या हिशोबाने द्यावी, कारण व्हॉल्यूम नंतर त्यापलीकडे वाढत नाही. प्रतिमा बूटलोडरच्या साध्या 'नँड राइट'ने भरणार असाल तर मोठ्या 'एफ'चा पर्याय विसरू नका. तो नसला तर रिकामी दिसणारी पाने खरे म्हणजे एकदा लिहिलेली असतात. त्यांवर यूबीआयएफएसने दुसऱ्यांदा लिहिले की ईसीसी बिघडते. डबा पहिल्या दिवशी चालतो, चौथ्या दिवशी बसतो.

लाईन गेली तर

झिजेची चिंता उगाच केली जाते. दिवसाला १४ एमबी म्हणजे ५८ ब्लॉक. चिपभर एक फेरी व्हायला सव्वानऊ महिने. एसएलसी चिप (एका पेशीत एकच बिट ठेवणारी) पन्नास हजार ते लाख फेऱ्या सोसते. मरण येते ते लिहिता-लिहिता वीज गेल्याने. थ्री-फेज रात्री-बेरात्री येते, आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटरी ऑटो स्विचने एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसते, डीपी उडते. सोलर आणि बॅटरीवरचा डबा यातून सुटतो असे वाटते, पण पाच दिवस ढग राहिले की बॅटरी हळूहळू उतरते, आणि ते अचानक जाण्यापेक्षा वाईट. व्होल्टेज रेंगाळत खाली येते आणि अर्धवट शुद्धीतला प्रोसेसर फ्लॅशला आज्ञा देत राहतो.

३.३ व्होल्टची नँड २.७ पर्यंत चालते. त्याच्या वर, २.९ च्या आसपास, रिसेट देणारी सुपरवायझर चिप लावावी आणि तिच्याकडूनच नँडची लेखनबंदीची पिन खाली ओढावी. चालू असलेले काम पुरे व्हायला वेळ द्यावा लागतो: पान लिहायला कमाल एक मिलिसेकंदाच्या आत, ब्लॉक पुसायला कमाल १० मिलिसेकंद. २० धरा. पाच व्होल्टच्या बाजूला अर्धा अँपिअर २० मिलिसेकंद टिकवायचा आणि व्होल्टेज एकनेच उतरू द्यायचे तर १०,००० मायक्रोफॅरड लागतात, मोठा आणि महाग कपॅसिटर. तोच १२ व्होल्टच्या बाजूला लावला आणि ७ पर्यंत उतरू दिले तर, रूपांतरातला तोटा धरून, सुमारे १,३०० पुरतात. २,२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा घ्या. ८५ अंशांचा इकडे घेऊ नका. मेमध्ये बाहेर ४५-४६ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात किती असेल, ते हात लावून बघा.

एमएलसी चिप स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. तिथे एकाच पेशीत दोन पानांचे बिट असतात. दुसरे पान लिहिताना वीज गेली तर पूर्वी नीट लिहिलेले पहिले पानही बिघडते, आणि फाइल सिस्टिमला त्याचा पत्ता लागत नाही. यूबीआय आता अशी चिप जोडायला साफ नकार देतो. एसएलसी-मोडमध्ये चालवता येते, पण क्षमता निम्मी होते. एसडी कार्डाचे म्हणाल तर आतला कंट्रोलर वीज जाताना काय करत होता हे कुणालाच विचारता येत नाही.

उष्णतेने दुसरे एक होते: साठलेला विद्युतभार लवकर गळतो. यूबीआय बिट पलटलेला ब्लॉक दुसरीकडे हलवतो, पण वाचला तरच. कधीच न वाचलेला जुना फोटो कुजत पडतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळे व्हॉल्यूम वाचून फेकून देणारी एक ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्रॅम) टाका. ८ बिटच्या ईसीसीला ६ बिट पलटले की कर्नल आपोआप इशारा देतो आणि यूबीआय हलवाहलव करतो.

चिप हातात नसताना

नँडसिम हे मॉड्यूल नकली चिप तयार करते. 'ओव्हरराइडसाइझ' मध्ये ब्लॉकसंख्येचा घात द्यायचा: १२८ केबीच्या ब्लॉकला १५ दिले की ३२,७६८ ब्लॉक, चार जीबी. एवढी रॅम नसेल तर 'कॅशे_फाइल' देऊन डिस्कवर ठेवता येते. यूबीआय आणि तुमचा प्रोग्रॅम चार जीबीपुढे तुटतो का ते इथेच कळते. कंट्रोलरचा ड्रायव्हर मात्र खऱ्या चिपवरच. त्यासाठी कर्नलमधली एमटीडी चाचणी मॉड्यूल आहेत: पेजटेस्ट, ओओबीटेस्ट, स्ट्रेसटेस्ट. ती सगळे पुसतात, म्हणून उपकरणाचा क्रमांक दोनदा वाचून द्या. टॉर्चरटेस्ट बाहेर न्यायच्या चिपवर लावू नका, ती चिप झिजवण्यासाठीच आहे.

शेवटी रिले लावून २० ते ९० सेकंदांच्या अनियमित अंतराने वीज तोडत रात्रभर लिहायला लावा. सकाळी सिसएफएसमधून तीन आकडे काढा: खराब ब्लॉक किती, राखीव किती उरले, आणि सर्वाधिक पुसलेल्या ब्लॉकची मोजणी. तारीख टाकून झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहा. दिवाळीनंतर वेचणी सुरू होऊन पांदण मोकळी झाली की डबा उघडताना हेच तीन आकडे समोर हवेत.